ख्रिस्ती हेवी मेटल आणि श्रोत्यांचा कौल

धार्मिक आशयाचे संगीत ऐकताना श्रोत्याच्या अंगी एकाच वेळी दोन भूमिका येतात. तो भक्त असतो, म्हणून शब्दांमागचा भाव अस्सल आहे की केवळ वेषांतर आहे हे त्याला पारखायचे असते. आणि तो रसिक असतो, म्हणून सूर, लय व आवाज यांचा हिशेब तो भावापासून वेगळा मांडू पाहतो. इंदूरच्या मराठी श्रोत्याला हे दुहेरी ऐकणे नवे नाही. होळकरांच्या या शहरात कीर्तन आणि मैफल शेजारीशेजारी नांदली, उस्ताद अमीर खाँ यांची विलंबित ख्यालगायकी इथेच घडली, आणि जवळच्या देवासला स्थायिक झालेल्या कुमार गंधर्वांनी माळव्यातील नाथपंथी गायकांकडून ऐकलेली निर्गुणी भजने मैफलीत मांडली, तेव्हा भजन कुठे संपते आणि गायन कुठे सुरू होते हा प्रश्न सर्वांत आधी याच परिसरातील कानांपुढे आला. हाच प्रश्न १९८० च्या दशकात अमेरिकेत कितीतरी अधिक कर्कश स्वरूपात विचारला गेला. निमित्त होते हेवी मेटल या संगीतप्रकारात ख्रिस्तस्तुती गाणाऱ्या स्ट्रायपर या बँडचे, आणि विशेषतः २४ ऑक्टोबर १९८६ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘टू हेल विथ द डेव्हिल’ या त्याच्या अल्बमचे. त्या अल्बमविषयी श्रोत्यांनी दिलेली मते तपासली की एक विचित्र अदलाबदल दिसते: ज्यांनी शब्द तपासावेत अशी अपेक्षा होती त्यांनी सुरांवरून निकाल दिला, आणि ज्यांनी सूर तपासावेत त्यांनी शब्दांवरून.

हेवी मेटल म्हणजे केवळ मोठा आवाज, ही समजूत अपुरी आहे. या संगीताचा पाया इलेक्ट्रिक गिटारच्या विरूपित ध्वनीवर, म्हणजे डिस्टॉर्शनवर उभा असतो. गिटारच्या तारेचा विद्युत्संकेत अ‍ॅम्प्लिफायरला पेलणार नाही इतका वाढवला की त्याच्या लहरींची टोके कापली जातात आणि मूळ स्वराभोवती अनेक नवे उपस्वर जमा होतात. त्यामुळे आवाज जाड, खरखरीत आणि लांबवर टिकणारा होतो. अशा आवाजात तीन स्वरांचा नेहमीचा मेळ छेडला तर तो गढूळ ऐकू येतो, म्हणून वादक मधला स्वर वगळतात आणि केवळ दोन स्वर ठेवतात, ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. हे दोन स्वर म्हणजे षड्ज आणि पंचम. तानपुऱ्यावर रोज जुळणारी सा-प ही जोडी आणि मेटलच्या गिटारमधून आदळणारी ही जोडी स्वरदृष्ट्या एकच आहे. गांधार गाळल्यामुळे दोन्हीकडे शुद्ध की कोमल हा निर्णय खुला राहतो आणि वर येणाऱ्या सुरावटीला मोकळे मैदान मिळते. तळपायाच्या दोन पेडलांवर वाजणारे बास ड्रम, तळहाताने दाबून तोडलेले गिटारचे आघात आणि तार सप्तकात चढणारा गायकाचा आवाज ही या शैलीची आणखी काही लक्षणे होत.

या शैलीला सैतानाची छाया चिकटली ती तिच्या जन्मापासून. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या बँडने १९७० मध्ये आपल्याच नावाचे गाणे प्रसिद्ध केले, त्यातील टोनी आयोमीची मुख्य गिटारपंक्ती भारतीय परिभाषेत सा, तार सा आणि तीव्र मध्यम अशा तीनच स्वरांची आहे. षड्ज ते तीव्र मध्यम या अंतराला पाश्चात्त्य शास्त्रात ट्रायटोन म्हणतात आणि अठराव्या शतकातील संगीतग्रंथांत त्याचा उल्लेख ‘संगीतातील सैतान’ अशा लॅटिन वचनाने आला आहे. मध्ययुगीन चर्चने या स्वरांतरावर बंदी घातली होती, ही वारंवार सांगितली जाणारी कथा मात्र निराधार आहे. ते अंतर विसंवादी आणि गायला अवघड म्हणून टाळले जाई, इतकेच. यमन शिकणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला तीव्र मध्यमात काही अमंगल जाणवत नाही, यावरून भय स्वरात नसून ऐकणाऱ्याच्या संस्कारात असते हे उघड व्हावे. ज्या ब्लॅक सबाथला सैतानपूजक ठरवले गेले, त्यांच्याच १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बममध्ये कॅथलिक घरात वाढलेल्या गीझर बटलरने लिहिलेले, ईश्वरावरील श्रद्धेची उघड बाजू घेणारे ‘आफ्टर फॉरएव्हर’ हे गाणे आहे. पण तिकडे लक्ष द्यायला फारसे कोणी थांबले नाही.

१९८० च्या दशकात ही छाया बाजाराने गडद केली. मोटली क्रू या बँडचा ‘शाउट ॲट द डेव्हिल’ १९८३ मध्ये आला, व्हेनम आणि स्लेयर यांनी नरकाची प्रतिमा हेच आपले भांडवल केले, आणि सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीपुढे गाण्यांतील शब्दांवर सुनावणी होऊन पालकांना इशारा देणारी चिठ्ठी अल्बमवर लावण्याची प्रथा पडली. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी भागातल्या मायकेल व रॉबर्ट स्वीट या भावांनी गिटारवादक ऑझ फॉक्स आणि बासवादक टिम गेन्स यांच्यासह आपला रॉक्स रेजीम हा बँड स्ट्रायपर या नावाने ख्रिस्ती संदेशाकडे वळवला तो या वातावरणात. बायबलमधील यशयाच्या ५३ व्या अध्यायातील पाचवे वचन, ज्यात दुसऱ्याने सोसलेल्या फटक्यांमुळे मिळणाऱ्या आरोग्याची गोष्ट आहे, ते त्यांनी बोधचिन्हाखाली छापले. वळांचे स्मरण म्हणून सांगितलेले पिवळे-काळे पट्टे कपड्यांपासून वाद्यांपर्यंत सर्वत्र रंगवले. आणि कार्यक्रमात नव्या कराराच्या प्रती प्रेक्षकांत फेकायला सुरुवात केली. १९८५ चा ‘सोल्जर्स अंडर कमांड’ हा त्यांचा अल्बम अमेरिकेत गोल्ड ठरला, म्हणजे ५ लाख प्रतींचा टप्पा ओलांडणारा झाला. पुढच्या वर्षीचा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ प्लॅटिनम ठरला, म्हणजे त्याने १० लाखांचा टप्पा गाठला, आणि ख्रिस्ती मेटलमध्ये असे पहिल्यांदाच घडले.

चर्चकडच्या श्रोत्यांचा आक्षेप आधी शीर्षकावर आणि मुखपृष्ठावर आला. सैतानाला नरकात धाडण्याची ती घोषणा ज्यांना कळली त्यांनाही नरकाचा उच्चार अल्बमच्या माथ्यावर नको होता. मूळ मुखपृष्ठावर चार देवदूत सैतानाला अग्नीच्या गर्तेत लोटत असल्याचे चित्र होते. त्यावर वाद झाल्यावर ते काढून बोधचिन्ह असलेले काळे मुखपृष्ठ वापरले गेले. मोठा आक्षेप मात्र चित्राहून खोल होता. दूरचित्रवाणीवरील प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी १९८७ मध्ये एक अख्खे पुस्तक लिहून धार्मिक रॉकला मेंढराच्या कातड्यातला लांडगा ठरवले. त्यांच्या मते दोष शब्दांत नव्हता, तर ठेक्यात आणि गर्जनेत होता. असा ध्वनी ज्या शरीरात शिरतो तिथे प्रार्थना टिकत नाही, म्हणून त्यावर कोणतेही पवित्र शब्द चढवले तरी व्यर्थ. ज्या धर्मपंथाचा सारा भर वचनावर, म्हणजे शब्दावर, त्याच्या प्रवक्त्याने शब्द बाजूला सारून कानाच्या पडद्यावर धर्मनिर्णय द्यावा, यातली विसंगती बहुतेकांच्या नजरेतून सुटली. त्याहून मोठी विसंगती अशी की स्वीट कुटुंब १९७० च्या दशकात श्रद्धेकडे वळले होते ते स्वॅगर्ट यांचेच दूरचित्रवाणीवरील प्रवचन पाहून.

मेटलच्या निष्ठावंत श्रोत्यांनी याउलट केले. ज्यांना शब्दांची एरवी पर्वा नसे, किंबहुना ज्या शैलीत गायकाचे निम्मे शब्द कळत नाहीत यातच मौज मानली जाई, त्या श्रोत्यांना इथे शब्द फार स्पष्ट ऐकू आले आणि ते खटकले. मेटलची प्रतिष्ठा बंडखोरीवर उभी आहे आणि ज्या मुलांना घरातल्या रविवारच्या शिस्तीपासून सुटका हवी होती, त्यांना तीच शिस्त चामडी जाकिटात परत आलेली नको होती. त्यामुळे गिटारवादन उत्तम असले तरी ते मान्य करायला जीभ वळत नव्हती. पट्ट्यापट्ट्यांचे तंग कपडे आणि फुलवलेले केस यांची टिंगल झाली, पण त्या काळी लॉस एंजलिसमधील जवळपास प्रत्येक बँड तसाच नटत असे, तेव्हा टिंगलीमागचे खरे कारण कपडे नव्हते. ‘ऑनेस्टली’ या पियानोवर उभ्या असलेल्या संथ प्रेमगीताने या श्रोत्यांच्या हाती आयते हत्यार दिले. तेच गाणे अमेरिकेच्या एकल गाण्यांच्या यादीत २३ व्या क्रमांकापर्यंत चढले, अल्बम यादीत ३२ व्या क्रमांकावर पोहोचला, आणि कडव्या श्रोत्याच्या लेखी लोकप्रियता हाच मऊपणाचा पुरावा ठरला.

या दोन गोटांच्या मध्ये तिसरा श्रोता होता, आणि अल्बम दहा लाख घरांत गेला तो त्याच्यामुळे. हा श्रोता वयाने शाळा-महाविद्यालयातला, घर चर्चला जाणारे, कान मात्र मेटलकडे ओढलेले. आवडीचे संगीत लपवून ऐकण्याची वेळ त्याच्यावर येत होती. आता पालकांसमोर उघडपणे लावता येईल अशी एक ध्वनिफीत त्याच्या हाती आली. एम टीव्ही वाहिनीवर टेलिफोन करून गाण्याला पसंती नोंदवण्याचा ‘डायल एम टीव्ही’ नावाचा कार्यक्रम होता, त्यात ‘कॉलिंग ऑन यू’ आणि ‘फ्री’ ही गाणी वरच्या स्थानांवर राहिली. ही मते समीक्षकांची नव्हती, फोन फिरवणाऱ्या मुलांची होती. याच श्रोत्यांसाठी टेक्सासमधील ऑस्टिन शहरातून डग व्हॅन पेल्ट यांनी १९८५ मध्ये ‘हेवन्स मेटल’ हे नियतकालिक सुरू केले आणि कॅलिफोर्नियात पाळक बॉब बीमन यांनी मेटल ऐकणाऱ्या तरुणांसाठी ‘सँक्चुअरी’ ही उपासना मंडळी उभी केली. धर्मपीठाने नाकारलेले आणि रसिकपीठाने हिणवलेले संगीत स्वतःचा श्रोतृवर्ग घडवते, हे असे.

ध्वनी पवित्र की अपवित्र हा वाद अमेरिकेच्या त्या दशकाची खास निर्मिती होती असे मानण्याचे कारण नाही, आणि त्याचा एक धागा थेट इंदूरपर्यंत येतो. इंदुरात प्रोटेस्टंट मिशनचे काम १८७७ मध्ये कॅनडातील प्रेस्बिटेरियन पंथाने सुरू केले आणि त्यांच्याच प्रयत्नांतून १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज उभे राहिले, जिथे पुढे किशोरकुमार शिकले. प्रेस्बिटेरियन हा मूळ स्कॉटलंडमध्ये रुजलेला पंथ. त्याच्या उपासनेत शतकानुशतके वाद्य नव्हते. पुढारी गायक स्तोत्राची ओळ उच्चारी आणि मंडळी ती विनासाथ गाई. ग्लासगोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये १८०७ मध्ये ऑर्गन वाजवला गेला तेव्हा वरिष्ठ मंडळाने तो थांबवला. एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये डॉ. रॉबर्ट ली यांनी १८६० च्या दशकात आधी हार्मोनियम आणि मग ऑर्गन आणला, त्यावरही मोठे वादळ उठले, आणि कॅनडातील मंडळ्यांतही १८६० ते १८८० या काळात ऑर्गन हवा की नको यावर भांडणे झाली. म्हणजे इंदुरात उतरलेले पहिले मिशनरी ज्या पंथाचे होते, त्या पंथात आज चर्चचा आवाज म्हणून ओळखले जाणारे वाद्यच तेव्हा संशयित होते. त्याच ऑर्गनची धाकटी पाती असलेली हार्मोनियम भारतात आली, कीर्तनात रुळली, आणि १९४० मध्ये आकाशवाणीने मात्र तिला भारतीय संगीताला अयोग्य ठरवून सुमारे तीन दशके बाहेर ठेवले. वाद्याला धर्म आणि देश चिकटवण्याची हौस कोणा एका समाजाची मक्तेदारी नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला तर हा प्रश्न उलट्या दिशेने भेटला होता. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुराणश्रवणाची सवय लागलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना नव्या धर्मात ऐकायला पुराण नव्हते, ही उणीव त्याने त्यांच्याच ओवीतून भरून काढली. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात येशूचे चरित्र सांगताना छंद बाटेल किंवा चरित्र बाटेल अशी धास्ती त्याने बाळगली नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत मात्र इंग्रजी स्तोत्रांची मराठी भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर गाण्याचा रिवाज रुजला, आणि देशी चाल म्हणजे देशी देव अशी शंका बऱ्याच जणांना होती. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजन व कीर्तन यांना उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून त्यांची पदे आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात, आणि ती म्हणताना ही चाल एके काळी वादाची होती याची आठवण कोणाला नसते. स्टीफन्स आणि टिळक यांनी श्रोत्याच्या ओळखीचे रूप घेतले, स्ट्रायपरनेही तेच केले. भेद इतकाच की ओवी आणि अभंग ही रूपे आधीच भक्तीच्या सेवेत होती, तर मेटलने भक्तीशी उघड वैर मांडलेले होते. त्यामुळे स्ट्रायपरचे धाडस मोठे, आणि अपयशाची शक्यताही मोठी.

ते अपयश पुढे आलेच, पण आक्षेपकांनी सांगितलेल्या कारणाने नव्हे. १९८८ चा ‘इन गॉड वी ट्रस्ट’ खपला, तरी त्याचा गुळगुळीत, रेडिओला सोयीचा आवाज बँडच्या चाहत्यांनाच रुचला नाही. १९९० च्या ‘अगेन्स्ट द लॉ’ मध्ये बँडने पट्टे उतरवले, उघड धार्मिक शब्द टाळले आणि वादन अधिक दणकट केले. संगीत सुधारले, श्रोते मात्र पांगले. मेटलवाल्यांना ते उशिरा शहाणे झालेले वाटले आणि चर्चमधल्या मुलांना सोडून गेलेले. म्हणजे तिसऱ्या श्रोत्याला केवळ चांगले वादन नको होते आणि केवळ उपदेशही नको होता; दोन्ही एकाच तव्यावर शिजलेले हवे होते. १९८० च्या दशकातच इतरांनी अधिक कडक वाट धरली होती. शिकागोच्या ट्रबल या बँडचे बायबलमधून आलेले शब्द आणि सबाथच्या वळणाचे जड, संथ वादन यांना त्यांच्या कंपनीने ‘व्हाइट मेटल’ असे नाव देऊन बाजारात आणले, आणि व्हेंजन्स रायझिंगच्या १९८८ मधील ‘ह्यूमन सॅक्रिफाइस’ या अल्बमने थ्रॅश म्हणजे अतिद्रुत, तुटक मेटलच्या श्रोत्यांकडूनही दाद मिळवली. या संगीतापुढे स्ट्रायपर गोड वाटतो, यात शंका नाही.

भारतीय उपखंडाच्या मुळांकडे पाहणाऱ्या मेटलमध्येही पुढे धर्माशी अशीच सांगड घातली गेली. सिंगापूरमध्ये १९९२ साली भारतीय वंशाच्या वादकांनी स्थापलेल्या रुद्र या बँडने संस्कृत मंत्र आणि वेदान्तविचार डेथ मेटलमध्ये, म्हणजे घशातून काढलेल्या गुरगुरत्या गायकीच्या शैलीत आणले आणि ‘ब्रह्मविद्या’ या नावाने तीन अल्बमांची मालिका केली. इंदुरातील मेटलने मात्र धर्माचा आधार घेतला नाही. डिसेंबर २००६ मध्ये इथे स्थापन झालेला आणि मध्य भारतातील मेटलच्या आरंभीच्या बँडांत गणला जाणारा ‘निकोटिन’ हा बँड दिग्विजय भोसले, अनिरुद्ध गोखले, अनुज मलकापूरकर आणि श्लोक शर्मा यांनी उभा केला. त्यातील बहुतेक आडनावे इंदूरच्या मराठी वस्तीत सहज भेटणारी आहेत, आणि कीर्तन व ख्याल यांवर पोसलेल्या शहरात मेटलही मुक्कामाला येऊ शकते, एवढे त्यांवरून निश्चित कळते.

चार दशकांनंतर ‘टू हेल विथ द डेव्हिल’ ऐकताना जुने दोन्ही आक्षेप बोथट झालेले आढळतात. ठेक्यात सैतान असल्याचे आता फारसे कोणी म्हणत नाही, कारण त्याहून कितीतरी कठोर ठेके आज अमेरिकी चर्चांच्या तरुण मंडळ्यांत वाजतात. शब्दांनी संकोचणारे श्रोतेही विरळ झाले आहेत, कारण मेटलमध्ये आता नॉर्स देवांपासून वेदान्तापर्यंत सर्वांना जागा मिळाली आहे. उरतो तो संगीताचा हिशेब, आणि तो संमिश्र आहे. मायकेल स्वीटचा तार सप्तकातला आवाज निर्विवाद तयार आहे. त्याची आणि ऑझ फॉक्सची जोडगिटार, जिथे एकाने घेतलेली सुरावट दुसरा तिसऱ्या स्वराच्या अंतरावर, म्हणजे षड्जाला गांधार धरून, समांतर चालवतो, ती त्या काळच्या कोणत्याही नामांकित बँडच्या तोडीची आहे. ‘द वे’ आणि ‘मोर दॅन अ मॅन’ या गाण्यांत ही कसरत आणि श्रद्धेचा आवेश एकजीव होतात. ‘सिंग-अलाँग साँग’ मात्र नावाप्रमाणे सर्वांनी मिळून गाण्यासाठी बेतलेले आणि म्हणून पोकळ आहे, आणि ढोलावर ओतलेला कृत्रिम घुमारा १९८६ चे वर्ष प्रत्येक ठोक्याला जाहीर करतो. शब्दरचना सरळ, घोषणेच्या जातीची; टिळकांच्या पदांतील आर्तता तिथे शोधू नये. ज्या मराठी वाचकाला हा प्रकार एकदा पारखून पाहायचा असेल त्याने प्रसिद्ध प्रेमगीतापासून नव्हे तर ‘द वे’पासून सुरुवात करावी, पहिल्यांदा केवळ दोन गिटारांकडे कान द्यावा आणि शब्दांकडे दुसऱ्या फेरीत वळावे, एवढे करूनही अल्बम आवडला नाही तर तो निर्णय रसिकाचा असेल, आणि या अल्बमला आजवर मिळालेल्या बहुतेक निर्णयांपेक्षा न्याय्य असेल.